मसाज गन

मसाज गन : व्यायामाने आखडलेल्या स्नायूंवर लागोपाठ जलद ठोके देणारे, हातात धरून वापरायचे विजेरीवरचे यंत्र. मराठीतही इंग्रजी नावच रुळले आहे. स्नायूंचा ताठरपणा आणि दुखण्याची जाणीव काही काळ कमी करणे, हा त्याचा मुख्य उपयोग आहे. झिजलेला स्नायू भरून काढण्याचे काम ते करत नाही. ते काम विश्रांती, झोप आणि आहार यांचे आहे.

रचना : आकार भोके पाडायच्या ड्रिल यंत्रासारखा असतो. शिवणयंत्रात चाकाच्या फेऱ्यांमुळे सुई खालीवर होते, तशीच येथे मोटरच्या फेऱ्यांमुळे दांडी मागेपुढे होते. दांडीच्या टोकाला बदलता येणारे डोके बसवतात. मोठ्या स्नायूंसाठी गोल किंवा सपाट, तर मणक्याच्या दोन्ही अंगांसाठी दुबोटी डोके असते. यंत्राची ताकद तीन गोष्टींवरून ठरते : ठोक्याची खोली, मिनिटाला पडणारे ठोके आणि किती दाबापर्यंत मोटर थांबत नाही ती मर्यादा. खोली साधारण 10 ते 16 मिमी. आणि गती मिनिटाला सुमारे 1,700 ते 3,200 ठोके असते. खोली फार कमी असलेली स्वस्त यंत्रे ठोका न देता नुसती थरथरतात.

पूर्वपीठिका : ठोके देऊन अंग मोकळे करणे ही कल्पना जुनी आहे. आयुर्वेदात अभ्यंग, मर्दन व संवाहन सांगितले आहे. कोल्हापूरच्या गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत मेहनतीनंतरची मालिश हा पैलवानाच्या दिनक्रमाचाच भाग असतो. यूरोपातील मालिशशास्त्रातही थोपटणे हा स्वतंत्र प्रकार मानला जातो. आजच्या यंत्राचा उगम अमेरिकेत झाला. लॉस एंजेलिसचे कायरोप्रॅक्टर (मणका व सांधे हाताने हाताळून उपचार करणारे) जेसन वर्सलँड यांनी 2007 मधील मोटारसायकल अपघातानंतर स्वतःच्या वेदनांसाठी एका विद्युत हत्याराचे रूपांतर करून पहिला नमुना बनवला. त्यातून ‘थेरागन’ 2016 मध्ये बाजारात आले. ‘हायपरव्होल्ट’ हे याच प्रकारचे दुसरे यंत्र 2018 मध्ये आले.

स्नायूंचे दुखणे : सवय नसलेल्या मेहनतीनंतर दुखणे लगेच येत नाही. ते 24 ते 72 तासांत सर्वाधिक होते. स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. बैठकीत खाली जाताना किंवा उतारावर धावताना नेमके हेच घडते. पूर्व विदर्भात धानाच्या रोवणीला सुरुवात झाली, की पहिले काही दिवस मांड्या व पाठ धरतात. ते दुखणेही बरेचसे याच जातीचे असते. त्याचा दोष लॅक्टिक आम्लाला देण्याची रूढी चुकीची आहे, कारण व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात ते रक्तातून निवळते.

परिणाम : ठोक्यांची संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अडवते, असे एक स्पष्टीकरण आहे. त्याचा आधार मेलझॅक व वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेला ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांत आहे. त्वचेतील रक्तप्रवाह वाढल्याने ऊबही जाणवते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोनराड व सहकाऱ्यांच्या प्रयोगात 16 पुरुषांच्या पोटऱ्यांवर पाच मिनिटे यंत्र चालवले. घोट्याची हालचाल सरासरी सुमारे 5 अंशांनी वाढली, पण स्नायूंच्या जोरात फरक पडला नाही. थोडक्यात, लवचीकता वाढते, ताकद वाढत नाही. हाताने केलेल्या मालिशीला मात्र अधिक भक्कम आधार आहे. 99 अभ्यासांच्या 2018 मधील एकत्रित विश्लेषणात दुखणे व थकव्याची जाणीव कमी करण्यात मालिश सर्वांत प्रभावी ठरली.

गोंदिया जिल्ह्यातील संदर्भ : भंडाऱ्यापासून 1 मे 1999 रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात कबड्डीपटू व धावपटूंइतकाच पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांना हा विषय जवळचा आहे. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना 1,600 मी. व महिलांना 800 मी. धावावे लागते. दोघांनाही 100 मी. धाव आणि गोळाफेक असते. राज्य राखीव पोलीस बलासाठी 5 किमी. धाव असते. पहाटे डांबरी रस्त्यावर रोज केलेल्या सरावाने पोटऱ्या आखडतात आणि नडग्या दुखतात. आखडलेल्या पोटरीला यंत्राचा उपयोग होतो. नडगीच्या हाडावर ते कधीही चालवू नये, कारण तेथील दुखण्यामागे हाडाला गेलेली बारीक तडही असू शकते.

येथे आणखी एक दक्षता हवी. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे हातपाय अचानक ठणकू लागले, तर ते रक्तवाहिन्या तुंबल्याचे दुखणे असू शकते. त्यावर यंत्र न चालवता तातडीने रुग्णालय गाठावे. केवळ वाहक असलेल्यांनाही कडक मेहनतीत स्नायू विघटनाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. म्हणून भरतीचा सराव सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने सिकलसेलची तपासणी करून घ्यावी.

वापर : कमी गतीने सुरुवात करावी. यंत्र दाबून न धरता त्याच्याच वजनाने स्नायूवरून सावकाश सरकवावे. एका स्नायुगटाला एक ते दोन मिनिटे पुरतात. धावण्यापूर्वी अर्धे मिनिट पुरेसे असते. ठोका सुखद वाटावा, कळ आली तर थांबावे.

वर्ज्य : मानेचा पुढचा भाग, मणका, गुडघ्याची वाटी, काख, जांघ, ताजी सूज, जखम, मोडलेले हाड आणि फुगलेल्या शिरा येथे वापरू नये. शिरेत रक्ताची गुठळी झालेल्यांनी व रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी ते टाळावे. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारावे. अतिवापराने स्नायूंचे विघटन झाल्याची एका तरुणीची नोंद 2021 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. मेहनतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ते मूत्रपिंडाला धोका असल्याचे लक्षण समजून लगेच उपचार घ्यावेत.

मूल्यमापन : मसाज गन हे सोयीचे पूरक साधन आहे, गरजेचे नाही. ज्याच्याकडे ते नाही, तो तरुण भरतीच्या मैदानात मागे पडत नाही. तेलाचा हात, आठ तासांची झोप, पोटभर वरणभात व अंडी, भरपूर पाणी आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती एवढ्यावर शरीर सावरते. यंत्र घेण्याआधी या गोष्टी पक्क्या कराव्यात.