वहीत न चढलेली माणसं

मी सूतगिरणीत रिंगवर आहे. मशीनला मीटर असतो. सूत किती निघालं ते तो सांगतो. छातीत कापूस किती गेला ते सांगत नाही. मीटर खोटा नसतो, पण जे मोजायला लावलं तेवढंच मोजतो. पोलिसांचा आकडा मी असाच वाचायला शिकलो.

आमच्या सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढं इथं त्यांना तारेच्या कुंपणात कोंडलं आणि शहरातल्या गिरण्यांत राबवलं. हजेरी चुकली की गुन्हा, पासाशिवाय बाहेर पडला की गुन्हा. असे गुन्हे वहीत चढवायचे आणि वरून म्हणायचं, बघा, जातच गुन्हेगार! १९५२ साली कायदा गेला. वहीची खोड गेली नाही.

आरोपी म्हणून आपण वहीत झटकन चढतो. फिर्यादी म्हणून गेलो की शाई संपते. आमच्या गल्लीतल्या मावशीला नळावर चारचौघांत जातीवरून शिव्या पडल्या. ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, बायकांचं भांडण आहे, एनसी घेतो. शिवी राहिली, जात गाळली. 'क्राइम इन इंडिया' हा सरकारी अहवाल १९५३ पासून निघतो, त्यात मोजणी दखलपात्र गुन्ह्यांची. म्हणजे देशाच्या हिशेबात मावशीला काही झालंच नाही.

आणखी एक मेख आहे. एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी सगळ्यात जड शिक्षेचा एकच मोजतात. पूर्वी बलात्कार करून खून केला तर नोंद नुसत्या खुनाची व्हायची. बाकीचं त्याच्या पोटात गडप.

आता दिल्लीचं बघा. डिसेंबर २०१२ च्या बलात्कारानंतर लोक रस्त्यावर आले आणि फिर्याद घ्यायची सक्ती वाढली. २०१२ ते २०१५ या काळात तिथले नोंदलेले गुन्हे तिपटीहून वर गेले. तीन वर्षांत माणसं तिप्पट बिघडली काय? नाही. आधी जे दाबलं जायचं ते बरंचसं कागदावर आलं. म्हणून आकडा चढला की पोलीस नालायक आणि उतरला की शहर सुखी, असं समजू नका. जिथं अत्याचाराच्या रकान्यात शून्य आहे, तिथंच आधी जाऊन विचारा.

मित्रांनो, आकडे खोटे म्हणून फेकून देऊ नका. उद्या सरकार तेच पुढं करून म्हणेल, अत्याचार कुठं आहेत? वहीत घुसणं हीसुद्धा लढाई आहे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावीच लागते, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, त्यामुळं एफआयआरसाठी आधी चौकशीची गरज नाही. कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या सरकारी अधिकाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम ४ खाली शिक्षा आहे. फिर्याद घेतली नाही तर लेखी तक्रार टपालानं वरिष्ठांकडे धाडता येते.

मावशीचा कागद मी रात्रपाळीवरून येऊन लिहिला. तिनं अंगठा केला. शिवी जशीच्या तशी लिही म्हणाली, जातीसकट. रजिस्टर पोस्टानं धाडलाय. पावती खिशात आहे.