परम कसा थांबायचा?

परवा रात्री आमच्या सिस्टीमने एका ग्राहकाचे पैसे दोनदा कापले. चूक माझ्या कॉलबॅकची. 'काम झालं की हे फंक्शन बोलाव' असं सांगून मी मोकळा झालो होतो. समोरच्या लायब्ररीने ते दोनदा बोलावलं.

मी रोज पुणे विद्यापीठावरून जातो. तिथल्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बांधला, ब्रिटिश कंपनी इनमॉसचे ट्रान्सप्युटर जोडून. या चिपवरची प्रोसेस निरोपासाठी थांबली, की 'पुढची सूचना कुठली' हे तिच्याच मेमरीत लिहिलं जायचं आणि चॅनेलमध्ये तिचा पत्ता. हे जपून ठेवलेलं उरलेलं काम म्हणजेच कंटिन्युएशन. निरोप पोचला की पत्ता पुसला जायचा. त्याच चिपवरून कुणी पुन्हा निरोप पाठवला, तर घेणारा येईपर्यंत पाठवणाराच थांबायचा! प्रोग्रामर मात्र निवांत, ओळीखाली ओळ लिहीत.

आणि आम्ही? २००९ मध्ये नोड आलं, कॉलबॅकच्या पोटात कॉलबॅक रचत बसलो. जावास्क्रिप्टला अवेट मिळायला २०१७ उजाडलं.

ग्राहकाचे पैसे सकाळी परत केले. ते फंक्शन आता अवेटने लिहितोय.