जुन्या ख्रिस्तमंदिरांचे दगड काय सांगतात

जुबिली म्हणजे देवाचे उपकार आठवण्याचा व वाडवडिलांचे ऋण मानण्याचा काळ. अशा वेळीं पूर्वजांच्या ख्रिस्तमंदिरांची यात्रा घडावी, ही इच्छा भाविकांच्या मनांत उत्पन्न होणें स्वाभाविक आहे. परंतु पुष्कळ यात्रेकरू वेदीपुढें मेणबत्ती लावून व संतांस नवस बोलून परत फिरतात. ज्या भिंतींनीं शतकानुशतकें त्या प्रार्थना ऐकल्या, त्यांच्याकडे त्यांची दृष्टि जात नाहीं. त्या भिंतींनाही आम्हांस कांहीं सांगावयाचें आहे. यासाठीं वाचकांस बरोबर घेऊन आम्ही प्रथम वसईच्या किल्ल्यांत व नंतर जुन्या गोव्यांत जाऊं इच्छितों.

वसई १५३४ सालीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत आली व १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांच्या सैन्यानें ती जिंकून घेतली. मधल्या दोनशें वर्षांत किल्ल्याच्या तटाआंत फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डोमिनिकन व ऑगस्टिनियन धर्मगुरूंनीं आपापलीं मंदिरें व मठ उभारले. येशूसंघीयांच्या मंदिराची दर्शनी भिंत पाहावी. तिच्यावरील स्तंभ व कमानी इतक्या प्रमाणबद्ध आहेत कीं, पडक्या स्थितींतही पाहणारा क्षणभर स्तब्ध होतो. याच येशूसंघीयांच्या छायेखालीं वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया लहानाचे मोठे झाले. पुढें फ्रान्सिस्कन बंधु होऊन ते जपानांत गेले, १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस नागासाकी येथें क्रुसावर त्यांनीं प्राण अर्पिले आणि १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें. संत आंतोनीच्या मंदिराच्या जमिनींत सरदार घराण्यांचीं थडगीं आहेत. त्यांचे कोरीव दगड अद्याप दिसतात; पण मंदिराच्या मुख्य दालनावर छप्पर नाहीं, आणि पावसाचें पाणी सरळ त्या नांवांवर पडतें. नगरींतील घंटाही विजयचिन्ह म्हणून देशावर गेल्या. नाशिकास गोदाकांठीं नारोशंकराच्या देवळांत टांगलेली प्रसिद्ध घंटा त्यांपैकींच असून तिच्यावर १७२१ हें साल आहे.

किल्ल्यांतील संत योसेफाच्या मुख्य मंदिराच्या शिलालेखांत, १६०१ सालीं तें पुन्हां बांधलें गेल्याचा उल्लेख व गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांचें नांव कोरलें आहे. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण याच आर्चबिशपांनीं १६०५ सालीं जुन्या गोव्यांतील बॉम जेझुस मंदिराचें पवित्रीकरण केलें. आणि नात्याचा धागा एवढाच नाहीं. त्या मंदिराच्या भिंती गोव्याच्या तांबड्या जांभ्या दगडाच्या असल्या, तरी दर्शनी भागावरील कोरीव स्तंभांचा काळा दगड वसईहून नेलेला आहे. जांभा सच्छिद्र; त्यावर बारीक नक्षी टिकत नाहीं. म्हणून जेथें छिन्नीचें नाजूक काम हवें, तेथें वसईचा कठीण फत्तर आला. संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास जाणाऱ्या वसईकरानें आंत शिरण्यापूर्वी क्षणभर थांबून त्या स्तंभांकडे अवश्य पाहावें. तो आपल्याच भूमीपुढें उभा असतो. आंत संतांच्या समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी नामक शिल्पकाराचा आहे, तर त्यावरील चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनीं घडविली आहे. परदेशी आराखडा व देशी हात असा संगम या मंदिरांतून पदोपदीं दिसतो.

तेथून जवळच दोन मंदिरें आहेत, आणि त्यांच्या तुलनेंत आम्हांस सर्वांत मोठा बोध मिळतो. संत कॅथरिनचें मुख्य मंदिर, म्हणजे सें कॅथेड्रल, १५६२ सालीं बांधावयास घेतलें व १६१९ सालीं त्याची मुख्य इमारत पुरी झाली. १७७६ सालीं त्याचा एक मनोरा कोसळला. तो पुन्हां उभा राहिला नाहीं. तरी मंदिर उभेंच आहे, कारण तेथील उपासना चालू राहिली. दुसरें संत ऑगस्टिनचें मंदिर. त्याचा मनोरा सुमारें ४६ मीटर उंच होता. १८३५ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारनें धर्मसंघांचे मठ बंद केले, मंदिर ओस पडलें, आणि अवघ्या सात वर्षांत, १८४२ सालीं, त्याचें कमानदार छत खालीं आलें. १९३१ सालीं दर्शनी भिंत व अर्धा मनोरा ढासळला. त्याची घंटा मात्र १८७१ सालीं पणजीच्या निष्कलंक मातेच्या मंदिरावर चढविण्यांत आली, आणि ती आजही भक्तांस बोलाविते.

यावरून आम्ही असें म्हणतों कीं, मंदिर चुन्यादगडानें उभें राहतें, पण टिकतें तें माणसांच्या येण्याजाण्यानें. पन्हाळींतील पाला काढणारा, भेगेंत रुजलेलें पिंपळाचें रोप उपटणारा, गळणारें कौल बदलणारा कोणी तरी असावा लागतो. किल्ल्यांतील श्रीमंत मंदिरें ओस पडलीं. परंतु किल्ल्याबाहेर सांडोर, पापडी, आगाशी येथें सोळाव्या शतकांत रुजलेलीं धर्मग्रामें जिवंत राहिलीं, कारण शेतकरी व कोळी ख्रिस्ती तेथेंच राहिले. इमारती पडल्या तेव्हां त्यांनीं त्या पुन्हां बांधल्या.

आज निराळें संकट आहे, आणि तें अनास्थेपेक्षां उत्साहांतून येतें. जुबिलीच्या भरांत जुनें पाडून त्या जागीं प्रशस्त नवें मंदिर बांधण्याची कल्पना निघते. निदान जुन्या भिंतींस सिमेंटचा गिलावा तरी दिला जातो. संख्या वाढली म्हणजे जागा लागते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु चुन्याचा गिलावा भिंतींतील ओल बाहेर जाऊं देतो. सिमेंट ती आंतच कोंडतें व दगड पोखरला जातो. याच्या उलट, अंगावरचें आवरण काढून टाकणेंही घातक होय. बॉम जेझुसच्या बाह्य भिंतींवरील गिलावा १९५० नंतरच्या दशकांत उतरविण्यांत आला. तांबडा दगड डोळ्यांस प्राचीन भासूं लागला खरा, पण तेव्हांपासून गोव्याचा पाऊस थेट त्या सच्छिद्र जांभ्यास झोडपीत आहे.

म्हणून धर्मग्रामांतील बंधुभगिनींस आमची नम्र विनंति आहे. यात्रेस जाल तेव्हां मुलांस बरोबर न्या. दारावरील साल वाचून दाखवा. दगड कोठला, चुना कसा, हें त्यांस सांगा. आणि आपल्या मंदिराच्या दुरुस्तीचा विचार निघेल तेव्हां, पाडण्यापूर्वी जाणत्या गवंड्यास व वास्तुशास्त्रज्ञास विचारा. आमच्या आजोबांचा बाप्तिस्मा ज्या भिंतींच्या आंत झाला, तेथेंच आमच्या नातवांचाही व्हावा, अशी प्रभु येशूच्या चरणीं आमची प्रार्थना आहे.