विद्या, विवेक आणि मुसीचा महापूर

'विवेक' हा शब्द 'वि' उपसर्ग लागून 'विच्' धातूपासून सिद्ध होतो. वेगळे करणे, निवडणे हा त्याचा मूळ अर्थ. पाठशाळेत हा धातू शिकविताना हंसाच्या नीरक्षीरन्यायाचा दाखला देण्याची रीत आहे. हैदराबादेतील विद्यार्थ्यास मात्र याहून जवळचा दाखला देता येतो. तोही नीराचाच आहे, आणि त्यात क्षीराचा थेंबही नाही.

आपल्या नगरातून वाहणारी मुसी, जिला परंपरेने मुचुकुंदा म्हणतात, विकाराबादेजवळील अनंतगिरीच्या डोंगरांत उगम पावते. नगरात शिरण्यापूर्वी तिला ईसी मिळते. तिच्या खोऱ्यात पूर्वजांनी तलावांमागून तलाव बांधले होते. मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडविण्याची विद्या दक्षिणेत पुरातन आहे, आणि तिच्यात काही उणे होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्रत्येक बांध आपल्यापुरता पाहिलेला होता. वरचा तलाव फुटला तर खालच्याचे काय होईल, याची चिंता वाहणारा कोणी नव्हता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी, अतिवृष्टीनंतर, या प्रश्नाचे उत्तर मिळाले. खोऱ्यातील ७८८ तलावांपैकी २२१ फुटले. एकाचे पाणी दुसऱ्यावर कोसळले आणि तो सारा लोंढा नगरावर आला. अफजलगंज, कोळसावाडी हे भाग उद्ध्वस्त झाले. मृतांचा आकडा सामान्यतः १५ हजारांच्या घरात सांगितला जातो. अफजलगंजातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी नदीच्या काठी येऊन तिची पूजा व आरती केली, अशी आख्यायिका जुन्या हैदराबादकरांच्या तोंडी आहे. ती भाविकांना प्रिय असावी यात नवल नाही. मात्र त्याच दरबाराने पुढे एका कुशल स्थापत्यविशारदालाही पाचारण केले, हे आपण बहुधा सांगावयाचे विसरतो.

ते गृहस्थ म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचे स्थापत्यशिक्षण पुण्यास झाले आणि नोकरी मुंबई इलाख्यात. पुण्याजवळील खडकवासल्याच्या जलाशयावर १९०३ साली त्यांनी आपोआप उघडणारे व मिटणारे दरवाजे बसविले होते. धरणाची उंची न वाढविता सुमारे आठ फूट अधिक पाणी सांडव्यावर साठावे, हा त्यांचा हेतू होता. १९०९ साली ते हैदराबादेस आले. खडकवासल्याचे यश पाठीशी असलेल्या माणसाने येथेही साठा वाढविण्याचाच विचार केला असता तर कोणास आश्चर्य वाटले नसते. त्यांनी मात्र येथील दुखणे निराळे आहे हे ओळखले. नगराच्या वरच्या अंगास मुसी व ईसी या दोन्ही नद्यांवर जलाशय बांधावेत आणि त्यांत पूर अडवून तो सावकाश सोडावा, अशी त्यांची योजना होती. पूर अडविणाऱ्या जलाशयात येणाऱ्या पाण्यासाठी जागा मोकळी ठेवावी लागते. तेथे किती पाणी धरावे यापेक्षा किती धरू नये, हा प्रश्न मोठा असतो. पुण्यास आणि हैदराबादेस विद्या एकच होती. तिचा उपयोग जवळजवळ उलट झाला.

त्यानुसार मुसीवरील उस्मानसागर १९२० साली व ईसीवरील हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. मधल्या काळात, १९१२ साली, नगरसुधार मंडळ स्थापन होऊन नदीकाठाची पुनर्रचना सुरू झाली. दोन्ही जलाशयांनी पुढे कित्येक दशके नगराची तहानही भागविली. आणि येथेच एक सूक्ष्म घोटाळा झाला. पिण्यासाठी जलाशय भरलेला हवा, पुरासाठी त्यात मोकळी जागा हवी. दोन प्रयोजने एकाच पात्रात राहिली, त्यांपैकी रोजचे ते लोकांच्या ध्यानात राहिले आणि क्वचितचे विस्मृतीत गेले. १९९६ साली सरकारने आदेश क्रमांक १११ काढून या जलाशयांभोवती १० किलोमीटरांत, ८४ गावांमध्ये, बांधकामावर निर्बंध घातले. पुढे कृष्णा-गोदावरीचे पाणी नगरास मिळू लागले, तेव्हा या जलाशयांची पिण्यासाठी फारशी गरज उरली नाही, असे कारण देऊन २०२२ साली ते निर्बंध उठविण्यात आले. कारण खोटे नव्हते. पण ते दोहोंपैकी एकाच प्रयोजनाला लागू होते. आणि 'विच्' धातू शिकलेल्या कोणाही विद्यार्थ्याच्या ते ध्यानात यावे.

त्याच्या अवघी दोन वर्षे आधी, ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत, जुन्या शहराजवळील पल्लेचेरुवू व गुर्रमचेरुवू या तलावांचे बांध फुटून खालच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. १९०८ चा तोच प्रकार, लहान प्रमाणावर. मधल्या ११२ वर्षांत आपली विद्या कितीतरी वाढली होती. पर्जन्यमापके होती, नकाशे होते, विश्वेश्वरय्यांचा अहवालही होता.

अफजलगंजातील ती चिंच उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. २८ सप्टेंबरला काही नागरिक मृतांच्या स्मरणार्थ तिच्याखाली जमत आले आहेत.