मानमोडी आणि कंपाउंडर

१० जून १९१८ रोजी मुंबईतले सात पोलीस शिपाई, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला असलेला, तापाने फणफणून पोलीस रुग्णालयात दाखल झाले. मुंबईतल्या इन्फ्लुएन्झाच्या साथीची हकिगत बहुतेक अभ्यासक इथूनच सुरू करतात. पुढच्या दोन आठवड्यांत गोदी, कचेऱ्या, गिरण्या असे करीत ताप शहरभर पसरला, जुलैत ओसरला आणि सप्टेंबरात परतला तो वेगळेच रूप घेऊन. ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ माणसे दगावली. आपल्याकडे लोकांनी या तापाला ‘मानमोडी’ म्हटले.

या हकिगतीत आपल्याला नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर भेटतात, सोशल सर्व्हिस लीगचे स्वयंसेवक भेटतात, सरकारी सॅनिटरी कमिशनर भेटतात. मला गेली काही वर्षे शोध आहे तो या सर्वांच्या मागे, दवाखान्यातल्या त्या अर्ध्या भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा. डॉक्टरने चिठ्ठीवर चार ओळी खरडल्या की बाटली भरून देणारा तो. आपण त्याला कंपाउंडर म्हणत आलो.

तो कागदोपत्री सापडत नाही याला एक साधे कारण आहे. मुंबई इलाख्यात १९१२च्या मेडिकल ॲक्टने डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली होती. औषध बनवणाऱ्याची अशी नोंदणी नव्हती. ब्रिटनमध्ये १८६८ पासून विषारी द्रव्ये विकायला नोंदणीकृत औषधविक्रेता असावा लागे. त्याच साम्राज्याच्या या टोकाला, पन्नास वर्षांनंतरही, खल आणि तराजू ज्याच्या हाती पडला तो कंपाउंडर. कोणी रुग्णालयात शिकलेला, कोणी डॉक्टरांच्या हाताखाली पाहून पाहून तयार झालेला. जो मोजलाच गेला नाही, तो साथीत किती राबला आणि किती मेला हे इतिहासाने कुठून सांगावे?

आणि राबावे तर त्यालाच लागणार होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कितीतरी डॉक्टर महायुद्धाच्या आघाड्यांवर गेलेले. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग झाले होते. अशा वेळी एका डॉक्टरच्या दारात शंभर माणसे उभी असली, तर डॉक्टर फार तर नाडी पाहणार. बाटली, पुडी, ‘दिवसातून तीनदा, जेवणानंतर’ आणि ‘म्हातारीला अर्धाच डोस दे’ हे सगळे खिडकीपलीकडून व्हायचे.

त्या खिडकीतून मिळायचे काय? ज्यांची साठी उलटली आहे त्यांना मिक्श्चरची बाटली आठवत असेल. चपट्या बाटलीला एका बाजूने कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे, एकेका खाचेला एक डोस. पुण्याच्या जुन्या बाजारात मला अशी एक बाटली मिळाली. पट्टीची खळ काचेवर अजून आहे, औषधाचा वास मात्र गेला. तापाच्या मिक्श्चरमध्ये तेव्हा साधारणपणे घाम आणणारी द्रव्ये असत. लायकर अमोनी ॲसिटेटिस आणि स्पिरिट ईथर नायट्रोसी ही त्यांतली नेहमीची जोडी. सोबत सोडा सॅलिसिलास आणि चवीला एखादे सरबत. मापे ग्रेन, ड्राम आणि औंसांची. वीस ग्रेनांचा एक स्क्रुपल, तीन स्क्रुपलांचा एक ड्राम, आठ ड्रामांचा एक औंस. ही कोष्टके पाठ असणे हीच त्याची पदवी.

यातल्या एकाही द्रव्याने इन्फ्लुएन्झा बरा होत नव्हता. रोगाचे मूळ फायफरच्या जंतूत आहे असे तेव्हा समजले जाई. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ साली, लंडनमध्ये. म्हणून काही लेखक त्या बाटलीला रंगीत पाणी म्हणून मोकळे होतात. मला हा निकाल उथळ वाटतो. ताप थोडा उतरवणे, अंग दुखायचे थांबवणे, दर चार तासांनी रोग्याला उठवून काहीतरी पाजायला घरच्यांना भाग पाडणे, हेही काम होते. पण त्याहून मोठे काम होते ते अपाय न करण्याचे, आणि ते तराजूवर अवलंबून होते.

ॲस्पिरिनचेच घ्या. अमेरिकन संशोधक कॅरेन स्टार्को यांनी २००९ साली एक शंका मांडली: अमेरिकेतले १९१८च्या ऑक्टोबरातले काही मृत्यू तापाने नव्हे, तर ॲस्पिरिनच्या अतिरेकी मात्रेने झाले असावेत. त्या काळी सुचवल्या गेलेल्या मात्रा दिवसाला ८ पासून ३१ ग्रॅमपर्यंत जात. आज ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात. ३१ ग्रॅम म्हणजे औषधी तोलाचा पुरा एक औंस, म्हणजे ४८० ग्रेन, म्हणजे पाच ग्रेनी गोळ्या मोजल्या तर ९६. हे अनुमान सर्वांना मान्य नाही. आपल्याकडे तर ॲस्पिरिन इतके सहज मिळतही नव्हते, तरी मृत्यू इथेच सर्वाधिक झाले. पण औंसाचा हिशेब एकदा केला, की खिडकीपलीकडच्या माणसाचा हात थरथरला तर काय होऊ शकते हे कळते.

टंचाईची गोष्ट वेगळीच. सॅलिसिलेटे, फिनॅसिटिन यांसारखी औषधे युद्धापूर्वी मोठ्या प्रमाणावर जर्मनीतून येत, कारण रंग आणि औषधे दोन्ही डांबरातून काढण्याची विद्या त्यांच्या हाती होती. युद्ध सुरू झाले आणि ही वाट बंद झाली. देशी कारखाने अगदी बाल्यावस्थेत. कलकत्त्यात प्रफुल्लचंद्र रायांचे बेंगॉल केमिकल होते, आणि बडोद्यात १९०७ साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी काढलेला अलेम्बिकचा कारखाना, अर्क आणि अल्कोहोल बनवणारा. या गज्जरांबद्दल जाता जाता सांगायला हवे. मुंबईच्या प्लेगात आयोडीन टरक्लोराइडचे औषध पुढे करणारे ते हेच. आणि राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले तेव्हा तो संगमरवर पुन्हा पांढरा करून देणारेही तेच. डांबर फासल्याची कबुली पुढे दामोदर चाफेकरांनी दिली, ज्यांनी प्लेगच्याच रोषातून रँडला गोळी घातली. साथीचा इतिहास असा कुठून कुठे गुंफला जातो!

औषध नाही म्हणजे भाव आहे, आणि भाव आहे म्हणजे भेसळ आहे. खिडकीपलीकडच्या माणसाला देव करण्याचा माझा हेतू नाही. पाणी वाढवणारे, क्विनाईनमध्ये दुसरीच पांढरी पूड मिसळणारे त्या धंद्यात होतेच. क्विनाईनच्या भेसळीची ओरड पुढे कायदेमंडळापर्यंत पोहोचली. प्रामाणिक कोण आणि लबाड कोण हे ओळखायचे साधन मात्र गिऱ्हाइकाकडे नव्हते. चव कडू लागली, की औषध खरे.

शिवाय खिडकीपर्यंत पोहोचायचे कोणी? मुंबई शहरातले मृत्यूचे प्रमाण समाजवार काढले गेले, ते वाचून आजही हात थांबतो. युरोपियनांत हजारी ८.३, तर ‘खालच्या’ म्हणून नोंदवलेल्या जातींतल्या हिंदूंत हजारी ६१.६. हा फरक बाटलीतल्या औषधाचा नव्हे. तो खोलीतल्या हवेचा, पोटातल्या अन्नाचा आणि उशाशी बसायला कोणी आहे की नाही याचा आहे. देशभरात किती मेले? सुरुवातीचा सरकारी अंदाज साठ लाखांचा होता. पुढच्या अभ्यासकांनी तो एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत नेला. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

खेड्यात तर खिडकीच नव्हती. तिथे वैद्य, काष्ठौषधी विकणारे आणि टपाल कचेरी. होय, टपाल कचेरी. हिवतापासाठी क्विनाईनच्या पुड्या टपालातून एका पैशाला विकायची पद्धत १८९२ साली बंगालात सुरू झाली आणि पुढे इतर प्रांतांत गेली. औषध विकणारा पोस्टमास्तर हाही एका परीने आपल्या कथेतला औषधविक्रेताच. क्विनाईन मानमोडीवरही दिले गेले, ताप तो ताप म्हणून, आणि त्याचा उपयोग झाला नाही. पुढे २०२० साली त्याच घराण्यातले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गाजले. केंद्र सरकारने २६ मार्चला ते चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घालून विक्रीची नोंद ठेवणे सक्तीचे केले; जूनपर्यंत मोठ्या चाचण्यांत ते निरुपयोगी ठरले. या वेळी दुकानदाराला निदान कायद्याचा आधार होता. ‘साहेब, चिठ्ठी आणा’ असे तो म्हणू शकत होता, आणि समोरच्याला त्याचा राग आला तरी ते वाक्य सरकारचे होते. १९१८च्या कंपाउंडरला ‘नाही’ म्हणायचे तर स्वतःच्या जिवावर म्हणावे लागे.

हा आधार यायला फार वेळ लागला. १९२७ साली मुंबई इलाख्यातले हारून जाफर यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये औषधांवर नियंत्रण असावे असा ठराव मांडला. १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. औषध हवे तसे, हवे त्याने, हव्या त्या ताकदीचे विकावे अशी स्थिती असल्याचे त्यात स्पष्ट झाले. औषधांचा कायदा व्हायला १९४० उजाडले आणि औषध देणाऱ्या माणसाचा कायदा, म्हणजे फार्मसी ॲक्ट, झाला तो मार्च १९४८ मध्ये.

त्या कायद्यातले एक कलम मी पुन्हा पुन्हा वाचतो. नोंदणीची पहिली यादी करताना पदवी नसलेल्यांसाठीही वाट ठेवली होती: रुग्णालयात किंवा दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे बनवल्याचा पुरावा दिला, तर यादीत नाव घालता येई. मानमोडीच्या वर्षी विशीत असलेला कंपाउंडर तेव्हा पन्नाशीत होता. अर्जावर त्याला अनुभवाची वर्षे लिहायची होती, आणि साथ कुठली पाहिली हे विचारणारा रकाना त्यात नव्हता.