आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

रविवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि दोन डिस्क एका क्षणात गेल्या. एकीवर माझ्या भाच्याचं ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाचं काम होतं. दुसरीवर माझ्या वडिलांच्या, आबांच्या, पेटीच्या शिकवण्या होत्या. बिघाडाची सुरुवात मात्र आदल्या रात्री झाली होती आणि तीही ग्राफिक्स कार्डापासून. मधले पंधरा तास मी वेळेसकट लिहून काढलेत, कारण त्यातल्या जवळपास प्रत्येक तासाला आम्हाला थांबता आलं असतं.

शनिवार, रात्री ८:४० (१५ तास बाकी)

भाचा शिकायला माझ्याकडे कोथरूडला असतो. कॉम्प्युटर दोघांत एकच. दिवसा त्यावर माझं ध्वनिसंकलनाचं काम चालतं, रात्री त्याचा गेम आणि त्याचं प्रोजेक्ट. सोमवारी प्रोजेक्ट द्यायचं होतं, म्हणून त्या रात्री तो फक्त तासभर खेळणार होता.

गेम ऐन रंगात असताना स्क्रीन काळा झाला. आवाज आणखी काही क्षण येत राहिला, कार्डाचे पंखे एकदम भणाणले आणि मशीन आपोआप रिस्टार्ट झालं.

"मावशी, काल ड्रायव्हर अपडेट केला होता मी. तोच गंडलाय."

मला ते पटलं. शुक्रवारी नवा ड्रायव्हर टाकला, शनिवारी बिघाड झाला. पण शुक्रवारी आणखी एक गोष्ट झाली होती. दिवाळीची आवराआवर म्हणून त्याने कॅबिनेट उघडून, कार्ड बाहेर काढून सगळी धूळ झटकली होती. ते दोघांच्याही डोक्यातून साफ गेलं होतं.

रात्री ९:३० (१४ तास १० मिनिटं बाकी)

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दोन नोंदी सापडल्या. पहिली ४१०१ क्रमांकाची: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं आणि तो पुन्हा सुरू झाला. दुसरी कर्नेल-पॉवर ४१: मशीन नीट बंद न होताच पुन्हा चालू झालं.

पहिली नोंद कशी पडते ते सांगते. विंडोज ग्राफिक्स कार्डाला काम देतं आणि उत्तराची वाट बघतं. मूळ सेटिंगप्रमाणे ही मुदत दोन सेकंदांची असते. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर विंडोज ड्रायव्हर झटकून नव्याने उभा करतं. म्हणजे ही नोंद फक्त एवढंच सांगते की उत्तर आलं नाही. फोन उचलला गेला नाही, यावरून माणूस झोपलाय की लाईन तुटलीय हे कळत नाही, तसंच हे. आम्ही मात्र नोंदीत 'ड्रायव्हर' हा शब्द वाचला आणि गुन्हेगार सापडला असं ठरवून टाकलं. दुसऱ्या नोंदीकडे कुणी बघितलंच नाही.

रात्री १०:४५ (१२ तास ५५ मिनिटं बाकी)

नेटची वायर काढली, म्हणजे विंडोज आपणहून दुसरा ड्रायव्हर आणून बसवणार नाही. मशीन सेफ मोडमध्ये नेलं. 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' चालवून जुन्याचा मागमूस पुसला आणि दोन महिन्यांपूर्वीचा, तोवर नीट चाललेला ड्रायव्हर टाकला. पद्धत म्हणून यात काही चूक नव्हती.

ड्रायव्हरवर संशय घेणंही वेडेपणाचं नव्हतं. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला आपला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला होता. त्यामुळे काही कार्डांचे पंखे नीट फिरत नव्हते आणि कार्डं तापत होती. पण याच्या उलटही घडलेलं आहे. जुलै २०२१ मध्ये 'न्यू वर्ल्ड' या गेमच्या चाचणीच्या काळात काही महागडी आरटीएक्स ३०९० कार्डं मेली. सगळ्यांनी गेमकडे बोट दाखवलं. पुढे ईव्हीजीए या उत्पादकाने सांगितलं की त्यांच्या एका लहानशा खेपेतल्या कार्डांवर काही ठिकाणचं सोल्डरिंग कच्चं होतं. गेमने फक्त भार टाकला, कच्चा सांधा आधीपासून होताच.

ही दुसरी गोष्ट मला माहीत होती. त्या रात्री ती आठवली नाही.

रात्री १२:२० (११ तास २० मिनिटं बाकी)

जुन्या ड्रायव्हरवर गेम उघडला आणि चाळीस मिनिटं काही झालं नाही. भाच्याने आनंदाने चहा टाकला. पण ती चाळीस मिनिटं आम्ही गेमच्या मेनूत आणि सेटिंगमध्येच घालवली होती. तिथे कार्डाला फारसं कामच नसतं. अधूनमधून होणारा बिघाड थोडा वेळ दिसला नाही म्हणजे तो गेला, असं होत नाही. ज्या परिस्थितीत तो दिसला होता तीच पुन्हा उभी करावी लागते.

खरा खेळ सुरू झाल्यावर सहाव्या मिनिटाला स्क्रीन काळा.

रात्री १:३० (१० तास १० मिनिटं बाकी)

आता आम्ही घाईला आलो होतो. वीस मिनिटांत चार गोष्टी बदलल्या: रॅमचा वेग उतरवला, बायोस अपडेट केलं, विंडोजचं पॉवर सेटिंग बदललं आणि कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणली. मग गेम तासभर सलग चालला.

चार गोष्टी एकदम बदलल्यामुळे गुण कशाचा आला ते कळेना. एकेक बदल मागे घेत गेलो. वीजमर्यादा पुन्हा १०० टक्के केल्याबरोबर स्क्रीन काळा झाला.

त्या रात्रीतला खरा धागा हाच होता. तापमान सत्तरीच्या आत होतं, म्हणजे कार्ड तापत नव्हतं. वीज कमी ओढली की ते नीट चालत होतं, पूर्ण ओढली की पडत होतं. दोष विजेच्या वाटेवर कुठेतरी होता.

गणित साधं आहे. मदरबोर्डची खाच कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देते आणि आठ पिनांचा एकेक प्लग १५० वॅटपर्यंत. आमचं कार्ड भरात ३०० वॅट घेतं आणि त्यातला मोठा हिस्सा केबलमधून येतो. बारा व्होल्टवर २२५ वॅट म्हणजे जवळपास १९ अँपिअर. घरातला २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर नऊच्या आसपास अँपिअर घेतो. गिझरच्या दुप्पट प्रवाह काडेपेटीपेक्षा लहान प्लगांमधून वाहत असतो. तिथला एखादा सांधा ढिला असेल, तर भाराच्या ऐन क्षणी व्होल्टेज पडणारच.

विजेच्या वाटेवर तीन टप्पे आहेत: पॉवर सप्लाय, केबल, प्लग. केबल आणि प्लग बघायला बॅटरी आणि दोन मिनिटं पुरली असती. आम्ही थेट पॉवर सप्लायवर उडी मारली. "एसएमपीएस गेलाय," असं मीच म्हणाले.

पहाटे ३:१० (साडेआठ तास बाकी)

झोपायच्या आधी मी म्हणाले, "उघडायच्या आधी बॅकअप घेऊया रे. एक्स्टर्नल डिस्क कपाटात आहे."

"सकाळी घेऊ, मावशी. आत्ता डोळे मिटतायत."

प्रोजेक्टची शेवटची प्रत त्याने तीन आठवड्यांपूर्वी कॉलेजच्या मशीनवर ठेवली होती. आबांच्या शिकवण्यांची दुसरी प्रत नव्हतीच. अकरा वर्षं मी म्हणत होते, "एकदा करायला हवी."

सकाळी ८:३० (३ तास १० मिनिटं बाकी)

भाच्याच्या मित्राकडे जादा पॉवर सप्लाय पडून होता. मॉड्युलर, म्हणजे हव्या तेवढ्याच केबली लावता येतात असा. भाचा तो घेऊन आला. मदरबोर्डची, प्रोसेसरची आणि कार्डाची केबल सोबत होती. डिस्कना वीज देणारी साटा केबल मात्र मित्राला सापडली नव्हती. "तुमचीच लावा, सगळ्या सेम असतात," असा निरोप होता.

बॅकअपचं नाव दोघांनीही काढलं नाही. दिवस वर येत होता आणि सोमवार जवळ येत होता.

सकाळी ११:०५ (३५ मिनिटं बाकी)

जुना पॉवर सप्लाय निघाला, नवा बसला. आता आमची जुनी साटा केबल माझ्या हातात होती. तिचं एक टोक डिस्कमध्ये जातं: चपटं, पंधरा पिनांचं. हे टोक सगळीकडे सारखं, कारण ते प्रमाणित आहे. दुसरं टोक पॉवर सप्लायमध्ये जातं: काळं, सहा भोकांचं. कोणत्या भोकात पाच व्होल्ट आणि कोणत्यात बारा, याला प्रमाण नाही. प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीने ठरवतो, आणि एकाच उत्पादकाच्या दोन मॉडेलांतही क्रम वेगळा असू शकतो. आकार मात्र बहुतेकदा सारखाच असतो.

मी ते टोक नव्या पॉवर सप्लायमध्ये घातलं. ते अजिबात न अडता बसलं आणि 'टक्' वाजलं. बसलं म्हणजे बरोबर आहे, असं मी मानलं.

मल्टिमीटर टेबलाच्या खणात होता. डिस्क न जोडता मोकळ्या केबलच्या टोकाला त्याच्या दोन काड्या लावल्या असत्या, तर आकडा दिसला असता.

सकाळी ११:४०

बटण दाबलं. पंखे अर्धा फेरा फिरले आणि थांबले. चटका बसलेल्या प्लॅस्टिकचा वास आला. मी स्विच बंद केला. भाचा काहीच बोलला नाही. त्याने खाली वाकून डिस्कवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

पाच व्होल्टच्या वाटेने बारा व्होल्ट गेले होते.

संध्याकाळी ६:००

जुना पॉवर सप्लाय आणि त्याच्याच केबली परत लावायला घेतल्या. या वेळी बॅटरी धरून बसले. कार्डाचा प्लग लावताना भाचा थांबला. "मावशी, हा आत जात नाहीये पूर्ण." केबल कॅबिनेटच्या काचेला टेकून वाकत होती आणि तिच्या ताणाने प्लग दोनेक मिलिमीटर बाहेर राहत होता. त्याची कडी अडकतच नव्हती. शुक्रवारी धूळ झटकून कार्ड परत बसवलं तेव्हाही तो असाच राहिला असणार. काढलेल्या प्लगच्या कोपऱ्यातल्या दोन पिनांभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं.

त्याने केबल दुसऱ्या वाटेने वळवली, प्लग अंगठ्याने दाबला, कडी अडकली. विंडोज मदरबोर्डवरच्या वेगळ्या डिस्कवर होतं, ते शाबूत होतं. वीजमर्यादा १०० टक्के ठेवून गेम दोन तास चालवला. एकदाही अडला नाही, तेही शुक्रवारचाच नवा ड्रायव्हर टाकून.

ड्रायव्हर निर्दोष होता. पॉवर सप्लाय निर्दोष होता. साप साप म्हणून आम्ही रात्रभर भुई धोपटली.

त्यानंतर

आबांची डिस्क वाचली. डिस्कच्या सर्किटवर विजेच्या वाटेत ज्वारीच्या दाण्याएवढा एक डायोड असतो. व्होल्टेज वाढलं की तो स्वतः जळतो आणि पुढचं वाचवतो. दुरुस्तीवाल्याने तो काढला, योग्य व्होल्टेज दिलं आणि डिस्क फिरली. त्याच दिवशी आम्ही तिच्या दोन प्रती केल्या. एक माझ्या बहिणीच्या घरी असते. भाच्याची एसएसडी मात्र वाचली नाही. तिच्यावरचं तीन आठवड्यांचं काम गेलं ते गेलंच. सोमवारी त्याने जुनी प्रत दिली.

प्रती तपासताना मी एक शिकवणी ऐकली. पेटीचा आवाज दबतोय म्हणून विद्यार्थी सूर खोलायला निघालाय आणि आबा त्याला थांबवतायत: आधी हवा कुठे सांडतेय ते बघ. ते स्वतः पेटीच्या सांध्यांवरून हात फिरवत जायचे, वाऱ्याची झुळूक लागते का बघत. मी ते लहानपणी शंभरदा पाहिलंय.

आता आमच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला भाच्याच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर चार ओळी आहेत: 'आधी प्रत. शेवटी हात कशाकशाला लागला, ते सगळं लिहा. एका वेळी एकच बदल. दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल कधीच नाही.' आणि दर महिन्याला धूळ झटकून झाली की काच लावायच्या आधी तो प्रत्येक प्लगवरून अंगठा फिरवतो.