त्रेचाळीस दात, आठ दात

जुन्या जीपच्या मागच्या दोन चाकांमध्ये, चिखलाने आणि ऑइलने माखलेला, ओतीव लोखंडाचा एक फुगीर गोळा असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘डिफ्रन्शियल’ म्हणतात. गाडी कोणत्या सालची, इंजिन कोणत्या क्रमांकाचे, हे नोंदणीपुस्तक सांगते. पण त्या गोळ्यात आज कोणती दातेरी चाके बसलेली आहेत, ती मूळची आहेत की मधल्या पन्नास वर्षांत कोणी बदलली, याची नोंद कोणत्याही कागदावर नसते. ते जाणण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे झाकण उघडणे आणि दात मोजणे.

दात मोजून इतिहास वाचण्याची ही रीत प्रतिष्ठित आहे. ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या प्राचीन जहाजातून १९०१ साली कांस्याच्या एका यंत्राचे गंजलेले तुकडे वर आले. डेरेक डी सोला प्राइस या इतिहासकाराने क्ष-किरण चित्रांवरून त्यातील चक्रांचे दात मोजले आणि १९७४ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की दोन हजार वर्षांपूर्वीच्या या यंत्रात डिफ्रन्शियलची रचना होती. तो निष्कर्ष पुढे टिकला नाही. २००६ साली त्रिमितीय क्ष-किरण चित्रणाच्या आधारे त्यातील एका मोठ्या चक्राला २२३ दात असल्याचे मांडले गेले. ग्रहणांचे चक्र २२३ चांद्रमासांचे असते. एका संख्येने यंत्राचा हेतू उघड झाला.

चाकांच्या गाडीत डिफ्रन्शियलची गरज वळणावर भासते. वळताना बाहेरचे चाक लांबचा मार्ग कापते, आतले जवळचा. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडलेली असतील, तर त्यांपैकी एकाला घसटत जावे लागते. बैलगाडीला ही अडचण नाही, कारण तिची चाके आसावर स्वतंत्र फिरतात. प्रश्न उभा राहिला तो चाकांनाच शक्ती पुरवून गाडी चालवण्याची वेळ आली तेव्हा. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळकाराने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी यावर उपाय योजला आणि पुढच्या वर्षी त्याचे पेटंट मिळवले. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्लीने १८७७ साली तीनचाकी सायकलीसाठी तीच रचना वापरली. मोटारगाडी जन्मली तेव्हा हा उपाय तयार होता.

त्याचे गणित एका ओळीचे आहे : दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी म्हणजे मधल्या मोठ्या चक्राचा, क्राउनचा, वेग. एक चाक जितके मंदावेल तितकेच दुसरे वेग घेईल. या सोयीची किंमत चिखलात मोजावी लागते. साध्या डिफ्रन्शियलमध्ये दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच पीळ मिळतो. एक चाक चिखलात गरगरू लागले की दुसऱ्याच्याही वाट्याला तेवढाच तुटपुंजा पीळ येतो आणि गाडी जागीच राहते. म्हणून रानावनातल्या गाडीला पुढेही एक डिफ्रन्शियल देऊन चारही चाकांना शक्ती पुरवण्यात आली. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप या विचाराचे सर्वांत प्रसिद्ध रूप ठरली.

स्वातंत्र्याच्या सुमारास हीच विलिस जीप सुट्या भागांच्या रूपाने मुंबईच्या बंदरात उतरू लागली आणि माझगावात महिंद्राने तिची जुळणी सुरू केली. पुढे ‘सीजे-३बी’ हे तिचे रूप परवान्यावर येथेच बनू लागले. अमेरिकेत १९६८ साली त्याचे उत्पादन थांबले, पण भारतात त्या घराण्यातल्या जीप आणि पिकअप त्यानंतरही अनेक दशके बनत राहिल्या. वनखाते, पाटबंधारे, पोलीस, सर्वेक्षण यांची वर्दळ या गाड्यांवर चालली. लिलावात निघाल्यावर त्या शेतावर, खाणीवर, डोंगरातल्या वडापवर गेल्या. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरील मंडी डबवाली तर जुन्या जीप नव्याने उभ्या करण्यासाठीच ओळखली जाऊ लागली.

सीजे-३बीच्या मागच्या आसाचे नाव डाना ४४. कवचावरच्या ओतीव फासळीत उठलेला ‘४४’ हा आकडा चिखल खरवडला की दिसतो. झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची लहान पट्टी शाबूत असेल, तर तिच्यावर दातांची संख्याही सापडते. या गाडीचे नेहमीचे प्रमाण ५.३८. क्राउनला ४३ दात, पिनियनला ८.

४० आणि ८ अशी सोपी जोडी का घेतली नाही? तसे केले असते, तर पिनियनचा प्रत्येक दात जन्मभर क्राउनच्या त्याच पाच दातांवर आदळत राहिला असता. एका दातावरचा दोष त्या पाचांवरच कोरला गेला असता. ४३ आणि ८ यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही. त्यामुळे एकदा भेटलेले दोन दात पुन्हा समोरासमोर येतात ते क्राउनच्या आठ फेऱ्यांनंतर, आणि तोवर प्रत्येक दात दुसऱ्या चक्राच्या प्रत्येक दाताला भेटून आलेला असतो. झीज साऱ्यांत वाटली जाते.

झाकण उघडायचे नसेल, तर मिस्त्री एक चाक जमिनीवर ठेवतो, दुसरे जॅकवर उचलतो, गियर न्यूट्रलला ठेवून उचललेल्या चाकाला बरोबर दोन फेरे देतो आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून तिचे फेरे मोजतो. जमिनीवरचे चाक स्थिर असल्याने दोन फेऱ्यांची सरासरी एक. शाफ्टचे फेरे साडेपाचला किंचित कमी भरले तर ५.३८, पाचला किंचित कमी भरले तर ४.८८. सरासरीचे सूत्र न मांडताही ही पद्धत त्याच सूत्रावर उभी आहे.

प्रमाण बदलण्याची गरज इंजिनांमुळे आली. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले की कमी फेऱ्यांत काम भागवणे भाग पडते. विलिसच्या सोळा इंची टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाला टॉप गियरमध्ये ५.३८ प्रमाणावर इंजिन मिनिटाला सुमारे २,४४० फेरे घेते, ४.८८ वर सुमारे २,२२०. म्हणून ३९ आणि ८ दातांच्या जोडीचा शोध सुरू होई आणि भंगारबाजारातून दुसऱ्या गाडीचा आस येई.

धोका नेमका येथे आहे. मागची जोडी बदलून पुढची तशीच ठेवली आणि चारही चाके जोडली, तर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगांत दहा टक्क्यांची तफावत पडते. एक आस शंभर मीटर जातो तेव्हा दुसऱ्याला एकशे दहा मीटर जायचे असते. ओल्या मातीत टायर घसरून ही तफावत पचवतात. कोरड्या डांबरावर ती पचत नाही. पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो आणि सर्वांत दुबळा भाग मोडतो. घाटात हे घडले तर हानी यंत्रापुरती राहत नाही. क्राउन आणि पिनियन यांची फारकतही करता येत नाही. त्या जोडीनेच घासून तयार होतात, दोघांवर एकच क्रमांक असतो, आणि दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत शिम घालून साधावी लागते.

अशा रीतीने प्रत्येक जुन्या आसात देशाच्या यंत्रवापराची एक नोंद दडलेली आहे : मूळ प्रमाण कोणते, इंजिन कधी बदलले, सुटा भाग कोणत्या गाडीतून आला, गाडी भार ओढण्यासाठी जुंपली की पल्ल्यासाठी. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास वाहनांना त्यात सूट आहे. बाकीच्या गाड्या भंगार केंद्रांकडे जात आहेत. धूर आणि सुरक्षितता यांचा विचार करता या धोरणामागील कारणे रास्त आहेत. मात्र गाडी दाबयंत्राखाली जाण्यापूर्वी तिचा सांगाडा-क्रमांक टिपला जातो, दात कोणी मोजत नाही.

अँटिकिथेराच्या यंत्राचे दात मोजायला विसाव्या शतकाला गंजाच्या थरांमधून पाहावे लागले, कारण ते बनवणाऱ्यांची नोंद उरली नव्हती. येथे मोजणारे हात अजून हयात आहेत. झाकणाचे दहा बोल्ट, एक खडू आणि वहीत दोन आकडे, एवढेच काम आहे.